डोळ्यांपलीकडचे पक्षीनिरीक्षण

पक्षीनिरीक्षण म्हणजे गळ्यात दुर्बीण आणि तीक्ष्ण नजर, असे समीकरण रूढ झाले आहे. त्यामुळे दृष्टी मंदावू लागली की अनेक जण हा छंद मुकाट्याने सोडून देतात. वास्तविक पक्ष्यांच्या ओळखीचा मोठा भाग कानांनी होतो. योग्य साधने, थोडा सराव आणि सहकाऱ्यांची साथ मिळाली तर अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीलाही हा आनंद घेता येतो. त्यासाठी काय करता येईल, याचा हा आढावा.

तळ्याच्या बांधावरून पहाटे निघालेल्या कोणत्याही पक्षीसहलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. 'तो पाहा, तिकडे, त्या फांदीवर!' बोट वर होते, दहा-बारा दुर्बिणी त्या दिशेला वळतात आणि काही क्षणांत 'दिसला, दिसला' असा गजर होतो. या घोळक्यात ज्याला बोटही धूसर दिसते आणि फांदीही, त्याच्यासाठी 'तिकडे' या शब्दाला काहीच अर्थ नसतो. पहिल्यांदा तो विचारतो, 'कुठे?' दुसऱ्यांदाही विचारतो. तिसऱ्यांदा मात्र इतरांचा खोळंबा नको म्हणून 'हो, दिसला' असे खोटेच सांगून टाकतो. पुढच्या सहलीला तो येत नाही.

छंद सुटण्याची सुरुवात बहुधा अशीच होते. मधुमेह, काचबिंदू किंवा वाढते वय यांमुळे नजर कमी होत गेलेल्या माणसाचे वाचन आधी सुटते, मग वाहन चालवणे सुटते, पुढे एकट्याने बाहेर पडणेही कमी होते. अशा वेळी पहाटेची फेरी, मोकळी हवा आणि समविचारी मंडळींची सोबत यांची गरज वाढलेली असते. नेमक्या त्याच काळात छंदाचे दार बंद झाले, तर माणूस घरात आणि स्वतःत कोंडला जातो. म्हणूनच हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

अल्पदृष्टी म्हणजे काय?

दृष्टी 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच कप्प्यांत विभागण्याची सवय समाजाला आहे. प्रत्यक्षात या दोहोंच्या मधला पट्टा फार रुंद आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अल्पदृष्टीची व्याख्या केली आहे. शक्य ते सर्व उपचार आणि चष्मा वापरूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या दरम्यान असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी होऊन १० अंशांपर्यंत आले असेल, तर ती अल्पदृष्टी समजली जाते. ६/१८ याचा सोपा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते ते पाहण्यासाठी अशा व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ जावे लागते. त्याहून दृष्टी कमी असेल तर कायद्याच्या लेखी ते अंधत्व ठरते. मात्र अशा व्यक्तींनाही बरेचदा उजेड, हालचाल किंवा ठळक आकार जाणवत असतो.

अल्पदृष्टीचे प्रकारही सारखे नसतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा ऱ्हास झाला, तर समोरचे दृश्य पुसट होते. कडेचे मात्र दिसत राहते. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोजा या विकारांत याच्या उलट घडते. कडेचा भाग हळूहळू मिटत जातो आणि नळीतून पाहावे तसे मधलेच तेवढे दिसते. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडले, तर चित्रावर जागोजागी डाग पडल्यासारखे होते. मोतीबिंदूत सगळेच धुरकट होते आणि समोरून आलेला उजेड डोळ्यांत खुपतो. पक्षी पाहताना कोणते साधन उपयोगी पडेल, हे या फरकावर अवलंबून असते.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी करायला हवी. नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील ५० वर्षांवरील व्यक्तींमध्ये अंधत्वाच्या कारणांत एकट्या मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. 'वय झाले, आता असेच दिसायचे' असे समजून दुर्बीण कपाटात ठेवणाऱ्याची नजर एखाद्या साध्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते. उपचारांनंतरही जे सुधारत नाही, त्याच्यासाठी पुढचा विचार.

कानांची जुनी परंपरा

पक्षी कानांनी ओळखणे ही अल्पदृष्टी असलेल्यांसाठी काढलेली पळवाट आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. शास्त्रानेही हा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला आहे. इंग्लंडमधील सेलबर्न या खेड्यातील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात एकसारख्या दिसणाऱ्या तीन चिमुकल्या वटवट्यांच्या जाती वेगळ्या असल्याचे ओळखले, ते प्रामुख्याने त्यांच्या गाण्यांवरून. आज त्या चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर या नावांनी ओळखल्या जातात. त्यांचे निरीक्षण १७८९मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा आजच्यासारख्या दुर्बिणी अस्तित्वातही नव्हत्या.

पक्ष्याच्या आवाजाच्या पहिल्या ज्ञात ध्वनिमुद्रणाचा मान तर एका भारतीय पक्ष्याकडे जातो. १८८९मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या यंत्राच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचे गाणे टिपले. पुढे हेच कॉख ब्रिटनमध्ये निसर्गध्वनींचे नामवंत मुद्रक म्हणून ओळखले गेले.

आजही घनदाट जंगलात पक्ष्यांची मोजणी करणारे अभ्यासक जे नोंदवतात, त्यातील बरेच पक्षी त्यांना दिसलेले नसतात, ऐकू आलेले असतात. रातवा हा निशाचर पक्षी दिवसा पाचोळ्यात इतका मिसळून जातो की तीक्ष्ण नजरेलाही सापडत नाही. त्याच्या जाती ओळखायच्या त्या रात्रीच्या आवाजावरून. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा हिरवट पर्णवटवट्या आणि त्याचे भाईबंद शेंड्यावरच्या पानांत सतत हलत असतात. त्यांना वेगळे ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे त्यांची छोटी साद. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' या २००५मधील ग्रंथात चित्रांबरोबर आवाजांचे आलेखही दिले गेले, ते याच कारणाने. याच रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह १९९७मध्ये महाराष्ट्रातील शहाद्याजवळ, ११३ वर्षे कोणालाच न सापडलेल्या वन पिंगळ्याचा पुन्हा शोध लावला होता.

मराठी माणसाला तर कानांनी पक्षी ओळखणे नवे नाही. घास भरवताना आई बाळाला ज्या 'काऊ' आणि 'चिऊ'ची ओळख करून देते, ती नावे त्यांच्या आवाजांतूनच जन्मलेली आहेत. टिटवी 'टिटिव्‌ टिव्‌' ओरडते म्हणून टिटवी. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडावेत तसा 'टुक, टुक, टुक' आवाज संथ लयीत काढतो म्हणून तांबट. 'कुटूर, कुटूर' करून रान दणाणून सोडणारा कुटुर्गा. मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आले की शेतकऱ्याला 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे सांगणारा पावशा. हा पावशा अनेक शेतकऱ्यांनी आयुष्यभर ऐकलेला असतो आणि कधीच नीट पाहिलेला नसतो. तरीही त्याच्याशी ओळख नाही, असे कोणी म्हणणार नाही.

ऐकण्याचा रियाज

कान तयार करणे म्हणजे पाठांतर नव्हे. गाण्याच्या रियाजासारखे ते हळूहळू अंगवळणी पडते. सुरुवात जंगलात जाऊन करू नये. तेथे एकाच वेळी वीस आवाज येतात आणि नवखा गोंधळून जातो. घराची गच्ची, सोसायटीची बाग किंवा गावाबाहेरचा पार एवढी जागा पहिल्या काही महिन्यांसाठी पुरेशी आहे. आधी परिसरातील दहा पक्षी निवडावेत आणि आठवड्याला एक या गतीने त्यांची ओळख पक्की करावी.

कोणताही आवाज ऐकला की चार प्रश्न स्वतःला विचारावेत. आवाज चढा आहे की खर्जातला? त्याची लय संथ आहे की घाईची? तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो की दर वेळी नवी सुरावट असते? आणि त्याचा पोत कसा आहे: शिळेसारखा, खरखरीत, धातूवर आघात केल्यासारखा की घुमणारा? या चार उत्तरांवर नेहमीचे पक्षी सहज वेगळे होतात.

भारद्वाज खर्जात 'हूप, हूप, हूप' असा घुमतो; रिकाम्या माठात फुंकर घातल्याचा भास व्हावा. शिंपी हा मुठीत मावेल एवढा पक्षी, पण त्याचे 'टुविट, टुविट' इतके खणखणीत असते की आवाजावरून तो कितीतरी मोठा वाटावा. दयाळाचा नर उन्हाळ्याच्या पहाटे एखाद्या उंच जागी बसून लांबलचक, गोड आणि सतत बदलणारी शीळ घालतो. नाचणची शीळ छोटी, ठरलेल्या चढउतारांची. पांढऱ्या छातीचा खंड्या झाडाच्या टोकावरून घोडा खिंकाळल्यासारखा लांब, थरथरता आवाज देतो. सातभाईंचा थवा जमिनीवर पाचोळा उलटत भांडल्यासारखा कलकलाट करतो. कोकिळाची चढत जाणारी 'कुहू' सर्वांना ठाऊक असते, पण ती नराची. मादी 'किक्‌ किक्‌ किक्‌' असा वेगळाच घाईचा आवाज काढते, हे पुष्कळांना माहीत नसते.

प्रत्येकाने आपल्या खुणा आपणच तयार कराव्यात, हे उत्तम. पुस्तकात दिलेले शब्द दुसऱ्याच्या कानाचे असतात. कोणाला एखाद्या आवाजात शिवणयंत्र ऐकू येते, कोणाला रहाट. स्वतःला सुचलेली उपमा अधिक काळ लक्षात राहते.

वेळेलाही महत्त्व आहे. सूर्योदयाच्या आसपास वारा पडलेला असतो, रहदारी कमी असते आणि पक्षी सर्वाधिक बोलतात. उन्हाळा आणि पावसाळ्याचा आरंभ हा आपल्याकडच्या अनेक स्थानिक पक्ष्यांच्या विणीचा आणि म्हणून गाण्याचा काळ. सह्याद्रीतील मलबार शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकायची तर पावसाळ्यातली पहाट गाठावी लागते. हिवाळी पाहुणे मात्र बहुधा गात नाहीत, त्रोटक साद तेवढी देतात. त्यामुळे नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

दोन्ही तळहात कानांमागे पसरून धरले, तर समोरचा आवाज स्पष्ट होतो आणि मागचा गोंगाट कमी होतो. डोके सावकाश डावी-उजवीकडे वळवले की दिशा कळते. तांबट मात्र येथेही चकवतो. तो ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो आणि आवाज जागा बदलत असल्यासारखा वाटतो.

एक मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. वाढत्या वयात आधी चढ्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. फुलटोच्यासारख्या लहान पक्ष्यांची बारीक 'चिक्‌ चिक्‌' त्यामुळे निसटते. नजर आणि कान दोन्ही मंदावले असतील तर श्रवणतपासणी करून घेणे हिताचे. घुबड, भारद्वाज, होला, मोर असे खालच्या पट्टीतले किंवा मोठ्या आवाजाचे पक्षी अशा वेळीही साथ सोडत नाहीत.

दुर्बीण निवडताना

दृष्टी कमी आहे, तेव्हा जास्तीत जास्त मोठे दाखवणारी दुर्बीण घ्यावी, असे कोणालाही वाटेल. बहुतेकांची पहिली चूक हीच असते. दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते हे सांगतो. दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या १०×२५मध्ये केवळ २.५ मिलिमीटर असते. झोत जितका जाड, तितके पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र उजळ आणि डोळा टेकवणेही सोपे. म्हणून अल्पदृष्टी असलेल्यांनी खिशातल्या छोट्या दुर्बिणीच्या मोहात पडू नये.

पटी वाढवल्या की दोन गोष्टी घडतात. हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो आणि एका वेळी दिसणारा परिसर आकसतो. ज्यांचे दृष्टिक्षेत्र आधीच नळीसारखे अरुंद झाले आहे, त्यांना १० किंवा १२ पटींच्या दुर्बिणीत झाड सापडते, पक्षी सापडत नाही. त्यांच्यासाठी ६ ते ८ पटींची, विस्तृत परिसर दाखवणारी दुर्बीण बरी. ज्यांची मधली नजर गेली आहे, त्यांना अधिक पटींचा उपयोग होतो. मात्र तेव्हा तिपाई, एकपायी आधार किंवा कंप शोषून घेणारी विशेष दुर्बीण हवी. अशी दुर्बीण महाग आणि काहीशी जड असते. एकच डोळा कामाचा असेल तर हलकी एकनळी पुरते. चष्मा लावून पाहणाऱ्यांनी डोळा काचेपासून थोडा दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते ना, हे खरेदीपूर्वी तपासावे. उजेड खुपत असेल तर रुंद काठाची टोपी हे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे.

दुर्बिणीत दिसत नाही, पण पडद्यावर दिसते, असा अनुभव पुष्कळांचा असतो. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याने छायाचित्र टिपावे आणि सावलीत बसून ते पडद्यावर हवे तितके मोठे करून पाहावे. उडून गेलेला पक्षी अशा रीतीने निवांत भेटतो.

उरलेल्या नजरेचा उपयोग

पिसांवरची बारीक नक्षी हे ओळखीचे एकमेव साधन नाही. जाणकार निरीक्षक दूरवरचा पक्षी ओळखतात तो आकार, बसण्याची ढब, चाल आणि उडण्याची रीत यांवरून. पक्षीनिरीक्षकांच्या इंग्रजी बोलीत या एकंदर छबीला 'जिझ' म्हणतात. ओळखीचा माणूस चेहरा न दिसताही चालीवरून कळावा, तसे हे आहे. घारीची दुभंगलेली शेपटी, धोब्याचे शेपूट सतत वरखाली हलवणे, सुताराचे लाटेसारखे उडणे, वेड्या राघूचे तारेवरून झेपावून पुन्हा त्याच जागी येऊन बसणे, या गोष्टी धूसर नजरेलाही जाणवू शकतात. मध्यभागी न दिसणाऱ्यांची कडेची नजर तर हालचाल चटकन टिपते.

त्यासाठी जागा विचारपूर्वक निवडावी. दाट झाडीपेक्षा पाणथळ जागा बरी. तेथे पक्षी मोठे, उघड्यावर आणि बराच वेळ एका ठिकाणी असतात. पाण्याच्या उजळ पार्श्वभूमीवर रोहित, चित्रबलाक, राखी बगळा, शेकाट्या यांच्या आकृती ठळक उठतात. उजनीच्या पाणलोटातील भिगवण, निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर, ठाण्याची खाडी ही राज्यातील ठिकाणे या दृष्टीने सोयीची आहेत. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहावे. उजेड समोरून आला तर चांगल्या नजरेलाही काळी सावली तेवढी दिसते.

मोबाइलची मदत आणि मर्यादा

गेल्या काही वर्षांत या छंदात सर्वांत मोठा बदल घडवला तो मोबाइलने. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने 'मर्लिन' या मोफत अॅपमध्ये २०२१ साली आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आणली. मोबाइल हातात धरला की ऐकू येणाऱ्या आवाजाशी जुळणारी नावे पडद्यावर येत राहतात. पुढे भारतातील अनेक पक्षीही त्यात समाविष्ट झाले. आवश्यक माहिती आधी उतरवून घेतली असेल तर रानात नेटवर्क नसतानाही ते चालते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही सुविधा मोबाइलमध्येच असते. २००५मध्ये सुरू झालेल्या 'झेनो-कॅन्टो' या संकेतस्थळावर जगभरातील पक्ष्यांची ध्वनिमुद्रणे मोफत ऐकता येतात; घरी सराव करण्यासाठी तो मोठाच खजिना आहे.

तथापि, यंत्राचे उत्तर म्हणजे अंतिम निकाल नव्हे. एकावर एक आवाज आले, वाहनांचा गोंगाट असला किंवा पक्षी दूर असला की अॅप चुकते. भृंगराज कोतवालासारखा नकलाकार पक्षी तर इतरांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की जाणकारांचे कानही फसतात. अॅपने सुचवलेले नाव ही एक शक्यता समजावी, त्या पक्ष्याचे मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे आणि आपला कान ग्वाही देईल तेव्हाच नोंद करावी.

याबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवे. पक्षी जवळ यावा म्हणून रानात त्याचाच आवाज मोबाइलवर मोठ्याने वाजवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, असे समजून पक्षी अस्वस्थ होतो. विणीच्या काळात घरटे आणि पिले सोडून तो या अदृश्य शत्रूमागे धावतो. ध्वनिमुद्रणे ऐकायची ती घरी किंवा कानाला इयरफोन लावून.

सहलीची शिस्त

साधने कितीही असली तरी छंद टिकतो तो सोबतीमुळे. पक्षीसहल नेणाऱ्यांनी काही साध्या सवयी लावून घेतल्या तरी खूप फरक पडतो. पहिली सवय म्हणजे 'तिकडे' हा शब्द टाळण्याची. समोर घड्याळाची तबकडी आहे असे मानावे. नाकासमोर बारा वाजले. मग 'दोन वाजताच्या दिशेला, वीस-पंचवीस पावलांवर बाभूळ, तिच्या निम्म्या उंचीवर, डावीकडच्या फांदीच्या टोकाला' असे सांगता येते. याचा लाभ चांगल्या नजरेच्या नवख्यांनाही तेवढाच होतो.

दुसरी सवय वर्णनाची. 'काय सुंदर आहे!' या उद्गारातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'साळुंकीएवढा, काळा-पांढरा, शेपटी उभी धरलेली, आता खाली उतरून उड्या मारतोय' असे बोलले की त्याच्या मनात चित्र उभे राहते. रंगांचे वर्णनही टाळू नये. नंतर दृष्टी गेलेल्यांच्या स्मरणात रंग ताजे असतात.

तिसरी सवय शांततेची. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे सर्वांनी थांबावे, कोणीही बोलू नये, पावलेही वाजवू नयेत. या वेळात ऐकणाऱ्याला सर्वांच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर अधिकच मिळते.

चालतानाही पद्धत आहे. मदत करायच्या भरात अचानक हात धरून ओढू नये, आधी विचारावे. सोबत्याने अर्धे पाऊल पुढे चालावे आणि अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीने त्याचा दंड कोपराच्या थोडा वर धरावा, ही रूढ व सुरक्षित रीत. पायरी, खड्डा, काटेरी फांदी, होडीचा काठ यांची सूचना आधी द्यावी. बांधावरची वाट किती अरुंद आहे, चढ कुठे आहे, बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे, हे सहलीच्या आदल्या दिवशीच कळले तर माणूस निर्धास्तपणे येतो.

अभयारण्यांची जबाबदारी

व्यक्तींनी आणि गटांनी करावयाच्या या गोष्टी झाल्या. जागेची सोय मात्र व्यवस्थापनालाच करावी लागते. पाणथळ जागी उंच मनोरे उभारले जातात; त्यांचे अरुंद, उभे जिने अल्पदृष्टी असलेल्यांना आणि वृद्धांना दोघांनाही अवघड. पायरीच्या कडेला ठळक पिवळा पट्टा, दोन्ही बाजूंना कठडा, वाटेच्या कडेने हाताशी येईल असा दोर, मोठ्या अक्षरांतील आणि गडद-फिकट रंगसंगतीचे फलक, ब्रेल मजकूर, पक्ष्यांच्या खऱ्या मापाच्या लाकडी प्रतिकृती या सोयींना फारसा खर्च येत नाही. चिमणी आणि चित्रबलाक यांच्या आकारातला फरक हातांनी चाचपून कळला की आवाजालाही देह मिळतो.

परदेशात या दिशेने बरेच काम झाले आहे. अमेरिकेत टेक्सासमधील व्हर्जिनिया रोझ या चाकाच्या खुर्चीवरून पक्षीनिरीक्षण करतात. त्यांच्या पुढाकारातून 'बर्डेबिलिटी' ही संस्था उभी राहिली. कोणत्या ठिकाणी वाट सपाट आहे, बाके कुठे आहेत, चढ किती आहे, अशी माहिती सामान्य पक्षीमित्रच जमवतात आणि ती ऑडुबॉन सोसायटीच्या साहाय्याने तयार केलेल्या नकाशावर सर्वांना उपलब्ध होते. उरुग्वेत जन्मलेले हुआन पाब्लो कुलासो जन्मांध आहेत. पक्ष्यांचे आवाज ओळखण्यात आणि ध्वनिमुद्रणात त्यांनी नाव मिळवले. कोलंबियातील काली शहराजवळच्या मेघवनात दृष्टिहीनांना अनुभवता येईल असा पक्षीमार्ग आखण्यात त्यांचा सहभाग होता.

आपल्याकडे कायद्याचे पाठबळ आहे. २०१६च्या कायद्यातील कलम २९ नुसार, दिव्यांग व्यक्तींना सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनाच्या उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, यासाठी उपाय योजणे ही सरकार व स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. अभयारण्यातील निसर्गवाट ही या तरतुदीच्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही. नकाशा तयार करण्यासाठी तर सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. गावोगावच्या पक्षीमित्र मंडळांना आपल्या परिसरातील एकेका जागेची अशी माहिती सहज जमवता येईल.

ऐकलेला पक्षी मोजायचा का?

पक्षीनिरीक्षकांना याद्यांचे वेड असते. मग न पाहता केवळ ऐकलेला पक्षी यादीत धरायचा का, असा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. २००२मध्ये सुरू झालेल्या 'ईबर्ड' या जागतिक नोंदवहीत खात्रीने ऐकलेल्या पक्ष्याची नोंद रीतसर स्वीकारली जाते. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांतही ओळख पटण्याजोगे ऐकणे पुरेसे मानले आहे. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या आणि २०१३पासून भारतातही सुरू झालेल्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये अंगणात पंधरा मिनिटे बसून ऐकलेल्या पक्ष्यांची यादीही देता येते. पक्ष्यांची संख्या कुठे घटते आणि कुठे वाढते, याचा अभ्यास अशाच लाखो नोंदींवर चालतो. खुर्ची टाकून गच्चीत बसलेल्या, दृष्टी गमावलेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाची रोजची यादी त्यात इतर कोणाच्याही यादीइतकीच मोलाची ठरते.

अडचण शब्दाची आहे. 'पक्षीनिरीक्षण' म्हटले की डोळेच आठवतात. पण बांधावर जमलेल्या मंडळींनी पुढच्या सहलीत दुर्बिणी खाली ठेवून पाच मिनिटे डोळे मिटले, तर टिटवी कुठून उठली, तांबट किती दूर आहे आणि झुडपात शिंप्याची जोडी आहे की एकटाच नर, हे त्यांचे त्यांनाच कळू लागेल. आणि मग 'कुठे?' असे विचारणाऱ्या शेजाऱ्याला 'तिकडे' असे उत्तर देणे त्यांच्याकडून होणार नाही.